थोरल्यांचं सुतक

"सुद्या, त्या चाकाक हात लाव आणि पाणी सोड! नायतर मी हंयच बसतंय. माका उचलून न्हेवक तुझ्या सायबाक बोलव!"

हौसाबाईचा आवाज बंधाऱ्याच्या भिंतीवर आपटून परत आला. वैशाखातली दुपार, डोक्यावर पदर, पायांत काही नाही, अशी ती अख्खी घाटी चढून वर आली होती. लोखंडी जाळीच्या आत तिचा मुलगा सुदेश उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहरा असा की धरणीने पोटात घेतलं तर बरं.

"आये, बोंबलू नको गो. वर कॅमेरो आसा," तो हळूच म्हणाला.

"आसांदे! बघांदेत तुझे सायब. मेल्या, थंय थोरली मरतत आणि तू कॅमेऱ्याक भियतंस?"

थोरली म्हणजे कोण, हे माणगेवाडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गावाच्या अंगाला नदीत एक खोल डोह आहे, त्याला कोंड म्हणतात. काठावर पावणाईदेवीचं देऊळ. कोंडात मांडीएवढे, तांबूस खवल्यांचे मासे. ते देवीचे. त्यांना गळ नाही, जाळं नाही, कुणी गंमत म्हणून खडासुद्धा मारत नाही. आणि गावात त्यांना मासे म्हणायची पद्धत नाही. मासे बाजारात मिळतात आणि खोबऱ्याच्या वाटपात शिजतात. ही थोरली. गाव वसायच्या आधीपासून इथे असलेली, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी.

देवीची पूजा गुरवांकडे, आणि गुरवांचं घर हौसाबाईचं. नवरा गेला तेव्हा मान सुदेशकडे आला. पण सुदेश पडला ड्युटीवाला. सकाळी पूजा उरकून तो बंधाऱ्याकडे पळायचा आणि कोंडात तांदूळ घालायचं काम आईकडे राहायचं. गावात नवी नवरी आली की आधी कोंडावर येऊन थोरल्यांना तांदूळ घालणार, मग सासरच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार. हौसाबाईही अशीच आली होती. पाण्यातून एवढी तोंडं एकदम वर आली तेव्हा ती किंचाळली होती आणि सासरा हसून म्हणाला होता, "भिया नको गो बाये, तुका बघूक इलीत ती."

मग कंपनी आली. तिने वर बंधारा घातला, नदी पाइपात कोंबली आणि डोंगराच्या पोटातून खाली पावरहाऊसला नेली. तिथे मशीन फिरवून पाणी परत नदीत सोडतात. साहेब लोक छान समजावून सांगतात, की पाणी कुठे जात नाही, घेतलं तेवढं परत देतो. आता ह्यात खोटं काही नाही. फक्त मधली नदी कोरडी पडते, आणि कोंड नेमका त्या मधल्या नदीत आहे! नदीसाठी बारा महिने थोडं पाणी सोडायचं असा नियम आहे म्हणे. त्यासाठी बंधाऱ्याला एक छोटी झडप ठेवलेली आहे आणि तिचं चाक सुदेशच्या ताब्यात.

खाडीकडून चढून येणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बंधाऱ्याला थडकून मागे फिरली, तेव्हा गाव काही बोललं नाही. दगडाखालची लहान मासळी दिसेनाशी झाली, तेव्हाही नाही. कसं बोलणार? घराघरातून कुणी ना कुणी कंपनीत चिकटला होता. खाल्ल्या घरचे वासे कोण मोजणार!

यंदा मात्र कडेलोट झाला. पावरहाऊसमध्ये नवीन मशीन बसलं. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, त्यांच्यासमोर मशीन गरगर फिरायला हवं, आणि वैशाखात नदीला पाणी ते किती? म्हणून साहेबाने वर पाणी साठवायला घेतलं आणि ती छोटी झडपसुद्धा बंद करून टाकली. कोंड आटत आटत खडकाच्या पोटाला लागला. उरलेलं पाणी दुपारी हात घातला तर चटका बसावा असं तापायचं. थोरली काठाला येऊन तोंडं उघडून पडायची आणि टाकलेल्या तांदळाकडे बघायचीही नाहीत. हे आठ दिवस बघून हौसाबाईचा जीव जळत होता. आज ती सरळ उठून वर आली होती.

"माझ्या हातात नाय गो आये," सुदेश म्हणाला.

"चाक तुझ्या हातात, आणि तुझ्या हातात नाय? मग कोणाच्या हातात? बापाशीन तुझ्या जलमभर थोरल्यांक आधी घातल्यान आणि मगे आपण जेवलो. आणि तू त्यांचा पाणी बंद करून डब्यातली चपाती खातंस. गळ्याखाली उतरता तरी कशी?"

सुदेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात जीप येऊन थांबली आणि साहेब उतरला. माणूस गोड. आवाज कधी चढवणार नाही, बाईमाणसाला अहोजाहो करणार, नमस्कार आधी करणार. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंत हलली नाही हे तरी कळतं.

"काय आजी, एवढ्या उन्हात?"

हौसाबाईने पदर सारखा केला आणि शाळेत शिकलेली भाषा गोळा केली. "साहेब, कोंडात पाणी नाही. थोरली मरायला लागली आहेत. पाणी सोडा. नाहीतर मी इथून उठत नाही."

साहेबाने बंधाऱ्याच्या पाण्याकडे पाहिलं, भिंतीच्या तळाकडे पाहिलं, जरा विचार केला. मग हसला.

"सोडू की. गावाची मागणी आहे म्हटल्यावर सोडायलाच पाहिजे. सोमवारी सकाळी सोडतो. झालं समाधान?" मग सुदेशकडे वळून म्हणाला, "खालच्या गेटला ग्रीस लावून ठेव. कित्येक वर्षं फिरवलेली नाही."

सुदेशने तोंड उघडलं आणि मिटलं. हौसाबाईला गेट खालची की वरची यातलं काय कळणार? ती साहेबाला हात जोडून खाली उतरली. त्या जोडलेल्या हातांचा तिला पुढे इतका राग आला, की ते तोडून टाकावेसे वाटले.

सोमवारी गाव कोंडावर लोटलं. नदी माहेरी येते म्हटल्यावर बायका रिकाम्या हाताने येतील? हौसाबाईने ठेवणीतलं लुगडं काढलं. सुपात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, खण. सून रसिकाच्या हातात दुसरं सूप. गावकर दाजी डोक्याला टॉवेल गुंडाळून दगडावर बसले होते. गावाचा शब्द त्यांचा. तेही खुशीत होते.

"हौसाबाय, तुझ्या तोंडाक कंपनी भियाली गो!" दाजी म्हणाले.

"भियाक व्हयीच, दाजीनू!" हौसाबाई हसली. कित्येक दिवसांनी हसली.

वर दगडधोंड्यांत पाण्याचा आवाज झाला. पोरं ओरडली. बायकांनी सुपं पुढे धरली. पण पाण्याच्या आधी वास आला. तुंबलेलं गटार उपसल्यावर येतो तसला, नाकातले केस जाळणारा. दाजी उठून उभे राहिले.

आणि मग ते आलं. त्याला पाणी कोण म्हणेल? काळा, दाट, फेसाळ चिखल, बंधाऱ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं कुजलेला पालापाचोळा, सगळा रेंदा एकदम कोंडात उतरला. हौसाबाईने ओटी सोडायला सूप वाकवलं होतं ते तसंच राहिलं. खण चिखलात पडला आणि दिसेनासा झाला.

थोरली वर आली. सगळी. तोंडं आभाळाकडे करून, एकमेकांवर चढून. काही उड्या मारून कोरड्या खडकावर पडली, कारण खडक बरा असं त्यांना वाटलं असेल. त्यांचे कल्ले चिखलाने लिंपून गेले होते. रसिका साडी खोचून आधी उतरली, तिच्यामागे सगळ्या बायका. गुडघाभर रेंद्यात उभ्या राहून त्या थोरल्यांना पोरांसारखी कवेत घेऊन बाहेर काढायला लागल्या. देवळाच्या विहिरीचं पाणी कळश्यांत, हंड्यांत, निळ्या पिंपात भरलं. पण मांडीएवढं थोरलं कळशीत मावणार कसं? शेपूट बाहेर. हौसाबाई एकाचे कल्ले पदराने पुसत होती, त्याच्या तोंडात चुळकाभर पाणी ओतत होती आणि ओरडत होती, "वायच दम धर रे! वायच! चांगला पाणी येतला आता!"

चांगलं पाणी आलंच नाही. बंधाऱ्याचा गाळ वाहून गेला आणि वर गेट बंद झाली. आता कळलं? साहेबाला नवीन मशीनसाठी गाळ काढायचाच होता. तो गाळ थोरल्यांच्या तोंडात घातला आणि वर म्हणायला मोकळा, की गावाची मागणी पुरी केली.

दुपारपर्यंत सगळं संपलं. देवळामागे वडाखाली पुरुषांनी मोठा खड्डा खणला. एरवी थोरलं म्हातारं होऊन गेलं की त्याला कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरायची वहिवाट. एवढं कापड कुठून आणायचं? बायकांनी सुपातले ओटीचे खण फाडले, ते पुरले नाहीत, मग आपले पदर फाडले.

सुदेश धावत आला तेव्हा माती लोटून झाली होती. हौसाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खालची गेट सोडल्यार काय येतला, ता तुका म्हायत होता?"

"आये, माका वाटला आधी वायच गढूळ येतला, मगे नितळ येतला. सायब म्हणाले..."

"सायब म्हणाले!" ती एवढ्या जोराने ओरडली की वडावरचे कावळे उडाले. "माका एक शबूद सांगलंस नाय? एक? मी थंय वटी घेवन उभी रवलंय रे मेल्या! थोरल्यांक सांगत होतंय, पाणी येता, पाणी येता!"

सुदेश मातीकडे बघत राहिला. तिने त्याच्यावर हात उगारला नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायची थांबली, आणि हात उगारला असता तर बरं, असं तो रसिकाला म्हणाला.

साहेब आला चार दिवसांनी. तोपर्यंत कोंडातला चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. झोपा तरी कसला म्हणता? सिमेंटची टाकी! देवळाच्या अंगणात टाइल्स लावलेली, कारंजं असलेली, रात्री रंगीत दिवे लागणारी टाकी. त्यात सरकारी केंद्रातून आणलेलं मत्स्यबीज सोडायचं. मालवणला येणारे पर्यटक इकडेही वळतील. साहेबाने चित्र काढून आणलं होतं, त्यात टाकीपाशी एक बाई आणि मूल हसत उभं होतं.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण आजी, पाणी तुम्हीच मागितलं होतं ना? आम्ही काय मनाने सोडलं?"

हेच तर खरं त्या माणसाचं कसब होतं. मारायचं त्याने आणि रक्त तुमच्या हाताला पुसायचं. हौसाबाई एवढंच म्हणाली, "शिरा पडो तुमच्या टाकीर!"

साहेबाला मालवणी कळत नव्हती, त्यामुळे शापही कळला नाही. तो हसला आणि मुद्द्यावर आला. उद्घाटनाला गावच्या गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं. कंपनी परंपरा मानते. आणि हो, त्याच दिवशी सुदेशला कायम करायचा विचार आहे.

त्यावर संध्याकाळी देवळासमोर गाव बसलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे गावाच्या वतीने घातलेलं मागणं. गुरव उभा राहून मोठ्याने मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतं. त्याशिवाय माणगेवाडीत विहीर खणत नाहीत की बोअर मारत नाहीत. मशीन तरी कसं सुरू होणार?

"सुदेश गाऱ्हाणा घालतलो," दाजी म्हणाले. "झाला ता झाला. पोटार कोण मारून घेता?"

हौसाबाई देवळाच्या पायरीखाली, बाहेर अंगणात बसली होती. ती तिथूनच बोलली.

"गुरवाच्या घराक सुतक आसा, दाजीनू. सुतकात देवाच्या नारळाक हात लावतत?"

सगळे वळून बघायला लागले. बाबली तर फिस्सकन हसला. हा बाबली तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. कंपनीला जेसीबी पुरवायचा. टाकीचं कामही त्यालाच मिळणार होतं.

"माशांचा कसला गो सुतक? उद्या कोंबो मेलो तरी सुतक पाळ!"

"मासे कोणाक म्हणतंस, बाबल्या?" हौसाबाई उठून उभी राहिली. "तुझ्या बायलेन आधी कोणाक तांदूळ घातल्यान? तुझ्या पोरांची नावां आधी कोणाक सांगितलंस? तेव्हा थोरली, आणि आता मासे?"

"बाबल्या, गप रव," दाजी म्हणाले. मग जरा अडखळत तिच्याकडे वळले. "वहिवाट आसा, ता खराच. थोरला गेला की गुरवाच्या घराक एक दिस सुतक. तुझ्या सासऱ्यान पाळलेला मी बघलंय. पण तो एक दिस कधीच झालो गो."

"एकाक एक दिस. हंय किती गेली? तुमी मोजलास?"

दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"मीव मोजूक नाय. मोजूचा धाडस झाला नाय माझा. मगे सांगा माका, किती दिसांचा सुतक? माझ्या जलमात फिटतला? नातवाच्या जलमात तरी फिटतला?"

तेवढ्यात बाबलीने संधी साधली. ह्या बाबलीचं एक जुनं दुखणं होतं. देवळाच्या पूजेत आपलाही मान आहे, आपणही त्याच मूळ घरचे गुरव, असा दावा त्याने कुडाळच्या कोर्टात लावलेला होता आणि तो काही केल्या निकालाला येत नव्हता.

"सुदेशाक जमणा नसात तर मी घालतंय गाऱ्हाणा," तो म्हणाला. "मान माझोव आसा."

दाजींनी टॉवेलने तोंड पुसलं. "मान आज सुदेशाचो. नोकरीव तेचीच. काय ता तेनाच ठरवूचा."

सुदेश खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आईनेही पाहिलं. तो कमरेचा जुडगा चाचपत राहिला. हौसाबाईच्या मनात आलं, अशा पोटच्या पोरापेक्षा वांझ राहिले असते तर बरं झालं असतं. आणि ते मनात आल्याचं तिला वाईटसुद्धा वाटलं नाही, एवढी ती पेटली होती.

उद्घाटनाच्या सकाळी सुदेशने इस्त्रीचा निळा शर्ट घातला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. दारात थांबून म्हणाला, "आये, येतंय."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "जा. घाल गाऱ्हाणा. मशनीक औक्ष माग. कायम झालंस की पेढे घेवन ये, मी शेजाऱ्यांक वाटतंय."

तो गेला. रसिका भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "इतक्या वाईट बोलाक नको होता तुमी. रात्री एक घास खाल्ल्यांनी नाय तेंनी."

"थोरल्यांनी तरी खय खाल्ल्यांनी?" हौसाबाई म्हणाली. पण मग तिला घरात बसवेना. पोटच्या पोराने मशिनीपुढे नारळ ठेवलेला आपल्याच डोळ्यांनी बघावा, म्हणजे सगळं एकदाचं संपेल, असं म्हणून ती रसिकाला घेऊन पावरहाऊसवर गेली.

मांडव झकास होता. पुढे सोफे, त्यावर मोठी माणसं, मागे खुर्च्यांवर गाव. मोठे पंखे घरघरत होते. टेबलावर पितळी ताटात नारळ, विड्याची पानं, अगरबत्ती. साहेबाने भाषण केलं. पाणी कसं स्वच्छ ऊर्जा देतं ते सांगितलं. धूर नाही, राख नाही, कोणाचं काही नुकसान नाही. टाळ्या झाल्या. मग लाऊडस्पीकरवरून सुदेशचं नाव पुकारलं, परंपरागत गुरव वगैरे. तो उठला आणि माईकपाशी गेला. गाव सवयीने ताठ बसलं.

सुदेशने नारळाकडे पाहिलं. हात मागे बांधले.

"साहेब," तो प्रमाण भाषेत म्हणाला, कारण त्याला साहेबाला कळायला हवं होतं, "आमच्या घरात सुतक आहे. आमची थोरली वारली. खालची गेट मी फिरवली. काय येणार ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. सुतकात नारळाला हात लावता येत नाही."

त्याने कमरेचा जुडगा काढून टेबलावर, ताटाच्या बाजूला ठेवला आणि तो खाली उतरला. हौसाबाईने रसिकाचा खांदा धरला.

साहेब क्षणभर गोंधळला, पण माणूस मुरलेला. त्याने बाबलीला खूण केली. बाबली तयारच होता. नवं धोतर नेसून आला होता. तो लगबगीने वर चढला आणि नारळ उचलायला वाकला.

"बाबल्या, वायच रव," दाजींचा आवाज आला. ते उठून उभे राहिले होते. "तू त्याच घरचो मा?"

"व्हय तर!"

"कोर्टात तसाच लिवन दिलंस मा?"

"दिलंय! मगे?"

"मगे तुकाव सुतक. भावबंदाक चुकता काय? आणि नसात तुका सुतक, तर तू त्या घरचो न्हय. आता नारळ उचल. सगळो गाव साक्षीक आसा."

बाबलीचा हात नारळापासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने मांडवाकडे पाहिलं. वकिलाला, पलीकडच्या वकिलाला, आजवरच्या सगळ्या तारखांना डोळ्यांपुढे आणलं असेल. मग त्याने हात मागे घेतला आणि गुपचूप खाली येऊन बसला. एरवी गाव पोट धरून हसलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

साहेबाचा चेहरा पहिल्यांदा लाल झाला. त्याने स्वतः नारळ उचलला, माईक ओढला. "हे पावणाईमाते, या प्रकल्पाला यश दे, गावाची भरभराट होऊ दे," असं काहीतरी तो म्हणाला आणि थांबला. गाव आता काय म्हणतं ते त्याला ठाऊक होतं. मागे एका भूमिपूजनाला ऐकून त्याला ते फार आवडलं होतं.

माणगेवाडीची माणसं झोपेत उठवली तरी "व्हय म्हाराजा" म्हणतील. तान्ह्या पोरांना आधी तेच येतं. त्या मांडवात एकाही तोंडातून ते निघालं नाही. पंखे तेवढे घरघरत राहिले. साहेबाने नारळ दगडावर आपटला. तो फुटेना, परत आपटला.

पण मशीन काही गाऱ्हाण्यावर चालत नाही. मोठ्या माणसाने बटण दाबलं, जमीन थरथरली, पुढच्या सोफ्यांवर टाळ्या झाल्या. डोंगरातून पाणी खाली धावलं आणि पावरहाऊसच्या पोटातून बाहेर पडून नदीत उसळलं.

तो आवाज ऐकून हौसाबाई उठली.

"चला," ती गावाला म्हणाली. "आंगोळ करूची रवली."

थोरलं गेलं की गुरवाने वाहत्या पाण्यात बुडी मारायची असते, तिथून सुतक धरतात. थोरली गेली त्या दिवशी बुडी मारायला नदीत पाणीच नव्हतं. ती पावरहाऊसच्या बाजूने उतरली आणि थोडं खाली, जिथे धार शांत होते तिथल्या खडकांवरून पाण्यात शिरली. मागून सुदेश आला, निळ्या शर्टासकट. मग रसिका, दाजी, दाजींच्या मागून गाव. वरून पहारेकरी शिट्ट्या फुंकत होता, "आत जाऊ नका, आत जाऊ नका" म्हणून ओरडत होता. सोफ्यांवरची माणसं कठड्याला येऊन बघायला लागली. सगळ्यांत शेवटी, नवं धोतर वर धरून, बाबलीही उतरला.

पाणी हौसाबाईच्या कमरेला लागलं. थंडगार होतं. तिने खाली पाहिलं तर तळाचे गोटे दिसत होते, आपल्याच पायांची बोटं दिसत होती. मग तिला रडू फुटलं. थोरल्यांना पुरताना ती रडली नव्हती.

"बघ रे सुद्या," ती म्हणाली. "ह्या पाणी होता. ह्या सगळा पाणी वर होता."

सुदेशने मान खाली घातली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दोघांनी बुडी मारली.